खांबाजवळचा कापूस

मोताळ्यात बेबीताईंचा मुलगा काय काम करतो हे कुणालाच धड सांगता येत नाही. ‘बर्फात असते’ एवढं सगळ्यांना ठाऊक. त्यावरून काहींनी त्याला काश्मिरात आइस्क्रीमचा कारखाना काढून दिलाय, तर काहींनी परस्पर मिलिटरीत भरती करून टाकलंय. शेजारच्या हिंमतरावांना असल्या ऐकीव गोष्टी चालत नाहीत. त्यांनी एकदा बेबीताईंना अंगणातच गाठलं.

“बेबीताई, खरं सांगा, प्रसेनजित करते काय तथी?”

“घसरते,” बेबीताई म्हणाल्या.

“घसरते?”

“हाव. पायाले पट्ट्या बांधते अन् डोंगरावरून खाली घसरते. झाडाझाडातून.”

हिंमतरावांनी थोडा विचार केला. “मंग त्याच्यासाठी एवढ्या दूर कायले जा लागते? आपल्या नळापाशी काय कमी घसरन हाय?”

बेबीताई पोट धरून हसल्या. पण खरं सांगायचं तर कितीतरी वर्षं त्यांनाही हाच प्रश्न पडलेला होता. फक्त तो विचारायची त्यांना चोरी होती, कारण मुलाला असं घसरायला शिकवणाऱ्या पहिल्या मास्तरीण त्याच होत्या. ते कसं, ते सांगायला हवं.

बेबीताईंचं वय आता अठ्ठावन्न. त्यातली चोवीस वर्षं गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगात गेली. नवरा, गुलाबराव, प्रसेनजित तीन वर्षांचा असताना वारला, तेव्हापासून. जिनिंगात शेतकऱ्यांच्या गाड्या येऊन कापूस ओतून जातात, त्याच्या घराएवढ्या गंज्या लागतात. बायकांनी तो कापूस ओढायचा, टोपल्यात भरायचा आणि मशिनीला नेऊन द्यायचा. मशिनीचा आवाज असा की शेजारचं माणूस बोललेलं कळू नये. बेबीताईंचा आवाज आजही साध्या गप्पांतसुद्धा चार घरं ओलांडून जातो, तो त्यामुळं. “बर्फ म्हणजे अगदी कापसासारखा असेल नाही?” असं एखाद्या शिकलेल्या बाईनं कौतुकानं विचारलं, की त्या चिडतात. “कापूस ओढला काय कधी? नाकात जाते, डोळ्यात जाते, घशात जाते. दिसाले तेवढा मऊ हाय.”

आणि कापूस गिळतोही. हे बाहेरच्यांना पटत नाही, पण जिनिंगातल्या बाया जाणतात. खालून ओढत गेलं की गंजी वरून ढासळते, माणूस आत जातं आणि वरून सगळं पुन्हा पांढरं-सपाट. म्हणून तिथं बाया नेहमी जोडीनं काम करतात. बेबीताईंची जोडीदारीण चांगुणा. एक गंजीच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला. थोड्या थोड्या वेळानं एकीनं ओरडायचं, “हाय का?” दुसरीनं ओरडायचं, “हाव!” दुसरं काही बोलायचं नाही, मशीन बोलू देतच नाही. ‘हाव’ आलं नाही तर हातातलं टोपलं टाकून पळत सुटायचं. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता. आधीच्या बायांनी नव्या बायांना सांगितलेला होता, एवढंच.

घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून प्रसेनजित आईबरोबर जिनिंगातच वाढला. पोरगं दिवसभर गंजीवर चढायचं आणि घसरत खाली यायचं. सात वर्षांचा असताना एकदा तो शेडच्या लोखंडी खांबाजवळ खेळायला गेला आणि गायब झाला. खांबाजवळचा कापूस फसवा असतो. तो खांबाला अंग लावून बसत नाही. वरून भरलेला दिसतो, खाली पोकळ असतो. पोरगं डोकं खाली, पाय वर असं आत गेलं. बाहेर उरला फक्त एक पाय, तोही घोट्यापर्यंत. वेळेवर ओढून काढलं म्हणून वाचलं.

त्या संध्याकाळी बेबीताईंनी त्याला आधी दोन थोबाडीत दिल्या, मग छातीशी धरून रडून घेतलं, आणि मग समोर बसवून शिकवलं. “खांबापाशी जायचं नाई. गेलाच अन् पडला, तं पहिले तोंडापुढं हात घ्यायचा. हवेपुरती जागा ठेवायची. दुसऱ्या हातानं खांब धरायचा, सोडायचा नाई. आतून बोंबलायचं नाई, कापूस तोंडात जाते. मी ‘हाय का’ म्हन्लं का तवाच ‘हाव’ म्हनायचं.” पोरगं रोज झोपताना ते पाढ्यासारखं म्हणत असे. आईनं ‘हाय का’ म्हणायचं, पोरानं ‘हाव’ म्हणायचं, आणि मग दिवा विझायचा.

बारावीनंतर बुलढाण्याच्या एका एजंटानं पोरांची एक टोळी गुलमर्गच्या हॉटेलांत भांडी घासायला पाठवली, त्यात प्रसेनजित होता. वय एकोणीस. सोबत आईनं दिलेली दोन स्वेटरं. पहिला महिना तो फक्त थंडीनं रडला, हे त्यानं फार नंतर कबूल केलं. तिथं त्याला मंजूर भेटला. त्याच्याच वयाचा, जवळच्या टंगमर्गचा, पाहुण्यांच्या स्की वाहून नेणारा पोऱ्या. कुणीतरी टाकून दिलेल्या, टोक मोडलेल्या स्कींची एक जोडी मंजूरकडं होती. दोघांनी ती एक-एक पायात घालून सुरुवात केली. म्हणजे एका पायानं मोताळा घसरायचा आणि एका पायानं टंगमर्ग. पडण्यात दोघंही सारखेच तरबेज होते.

पाच-सहा वर्षांत दोघांनी रीतसर कोर्स केले, आणि पुढं दोघंही गाईड झाले. साधे नव्हे, कसलेल्या पाहुण्यांना अवघड उतारांवरून नेणारे. गुलमर्गला दोरावरच्या पाळण्यानं अगदी वर गेलं की झाडं संपतात आणि उघडे, उभे उतार लागतात. पट्टीचे लोक तिथं उतरतात, फोटोही तिथलेच निघतात. पण प्रसेनजितचं मन लागलं ते खाली, देवदार आणि फरच्या जंगलात. ढग उतरले की वरच्या उघड्या उतारावर आभाळ कुठं संपलं आणि जमीन कुठं सुरू झाली हे भल्याभल्यांना कळत नाही. जंगलात मात्र खोडं दिसतात, अंतर कळतं. शिवाय तिथं वारा नसतो, त्यामुळं बर्फ भुसभुशीत राहतो, गुडघाभर, कधी मांडीभर. पण तिथं उतरायला जिगर आणि अक्कल दोन्ही लागतात. मोकळ्यावर माणूस मनाला येईल तिथं वळतो, जंगलात झाड सांगेल तिथं वळावं लागतं.

हे सगळं बेबीताईंना तोंडी कळेना. मग एका वर्षी एप्रिलमध्ये घरी आल्यावर प्रसेनजित त्यांना गावाबाहेरच्या एका उताराच्या वावरात घेऊन गेला. पऱ्हाटी, म्हणजे वेचून झालेल्या कापसाची झाडं, अजून उपटायची होती, कमरेएवढी उभी होती. दोन हातांत दोन काठ्या घेऊन, गुडघ्यात वाकून, हा तीस वर्षांचा बाप्या त्या पऱ्हाटीतून वळणं घेत खाली पळत सुटला.

“पाह्य माय! झाडाकडं नाई पाहायचं! झाडाकडं पाह्यलं का मानूस झाडावरच जाते! दोन झाडांमधली फट पाहायची!”

अन्नपूर्णाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या. “झपाटलं काय वं पोराले?”

“काश्मीरची नोकरी हाय ते त्याची,” बेबीताई ठसक्यात म्हणाल्या.

खाली जाऊन, धापा टाकत परत वर येऊन तो आईशेजारी बांधावर बसला. जंगलातले आणखी नियम त्यानं सांगितले. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून टाकायचे, नाहीतर काठी फांदीत अडकली की खांदा निखळतो. एकट्यानं कधी उतरायचं नाही. आणि खोडाला चिकटून जायचं नाही, कारण फरच्या खालच्या फांद्या छत्रीसारखं बर्फ वरच्या वर अडवतात आणि खोडाभोवती खाली पोकळ राहतं. वरून भरलेलं दिसतं. माणूस त्यात डोकं खाली, पाय वर असा जातो.

“खांबाजवळचा कापूस,” बेबीताई म्हणाल्या.

“तेच तं! कोर्सात बुढ्या मास्तरानं हे सांगतलं तं मले हसूच आलं. म्हन्लं, माह्या मायनं सातव्या वर्षीच शिकवलं मले हे.” मग त्यानं एक गंमत सांगितली. जंगलात जोडीदार दहा हातांवर असला तरी दिसत नाही. म्हणून गाईड लोक एकमेकांना हाकारतात, कुणी शिट्टी वाजवतं, कुणी ‘हूप’ करतं. हे दोघं मात्र पहिल्यापासून ‘हाय का’, ‘हाव’ करतात. मंजूरचं ‘हाव’ तर असं झणझणीत की ऐकणाऱ्यानं म्हणावं, हा मोताळ्याच्या बाजारात वांगी विकणारा आहे. परदेशी पाहुण्यांना ती काश्मिरी भाषा वाटते.

त्या दिवशी बेबीताईंना आपल्या पोराचा धंदा कळला आणि फार बरं वाटलं. जिनिंगातल्या आपल्या ओरडण्याला कुठं हिमालयात काम मिळालं होतं.

दर हिवाळ्यात डिसेंबर ते एप्रिल तो तिकडं, आणि रोज संध्याकाळी सहाला बेबीताईंचा फोन. “हाय का?” “हाव.” झालं. बिल वाचवायला म्हणून सुरू झालेलं, आता फुकटात बोलता येत असलं तरी तेवढंच राहिलं. प्रसेनजित वर अडकलेला असला आणि फोन लागला नाही, तर त्या मंजूरला लावायच्या. तो तिकडून म्हणायचा, “हाव, अम्मी. दोनों हाव.” की त्या स्वयंपाकाला लागायच्या.

यंदाच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी प्रसेनजितनं फोन घेतला नाही. मंजूरनंही घेतला नाही. सातला नाही, आठला नाही. बेबीताई भाकरी तव्यावर ठेवून विसरल्या. सकाळी फोन आला. “रेंज नव्हती, माय.” त्यांनी विचारलं, “हाय का?” तो म्हणाला, “हो, आहे.” बेबीताईंनी फोनकडं पाहिलं. पंधरा वर्षांत पोरानं त्यांना ‘हो’ म्हटलं नव्हतं.

मार्चच्या मध्यावर तो घरी आला, हंगाम संपायच्या महिनाभर आधी. “बर्फ कमी पडला,” म्हणाला. बुलढाण्याला एका दुकानात जागा आहे, आता इथंच राहीन, असंही म्हणाला. बेबीताईंनी हे वाक्य ऐकायला किती वर्षं वाट पाहिली होती! गावाला आनंद झाला, हिंमतरावांनी तर त्याच संध्याकाळी एक स्थळ आणलं. पण आलेला मुलगा दार लावून घेत नव्हता. पांघरूण तोंडावर येऊ देत नव्हता. जेवताना अर्ध्यातच थांबायचा. फोन वाजला की नाव बघून बंद करायचा आणि पालथा ठेवायचा. बेबीताईंना सावकाश का होईना, वाचता येतं. नाव मंजूरचं होतं. पोरगा घरी हवा होता हे खरं, पण असा नको होता, आणि त्याला झालंय काय हे कळल्याशिवाय त्यांना स्वस्थ बसवेना.

दरवर्षी तो आपले चामड्याचे पंजे, म्हणजे हातमोजे, आईपुढं टाकायचा. काठ्या धरून धरून तळवे फाटलेले असायचे, बेबीताई त्यांना जुन्या पर्सच्या चामड्याची ठिगळं लावून द्यायच्या. यंदा त्यानं ते काढलेच नाहीत. चौथ्या दिवशी कपडे धुवायला पिशवी उपसताना ते तळाशी सापडले. तळवे शाबूत होते. फाटली होती ती बोटांची टोकं, दहाच्या दहा, आतलं अस्तर बाहेर आलेलं, आणि त्यावर वाळलेलं रक्त.

असली बोटं बेबीताईंनी आयुष्यात एकदाच पाहिली होती. त्या पंजे घेऊन बाहेर आल्या. प्रसेनजित ओट्यावर बसला होता.

“कोनाले उकरलं?” त्यांनी विचारलं.

त्यानं पंजे आईच्या हातातून घेतले. मग एकदम बोलायला लागला, आणि थांबलाच नाही.

तीन दिवस बर्फ पडून त्या दिवशी ऊन आलं होतं. पाहुणे नव्हते, दोघंच होते. जंगलात कुणाची एक रेघ उमटलेली नव्हती. प्रसेनजित पुढं, मंजूर मागं. दोन वळणं झाली, हाक दिली, ‘हाव’ आलं. आणि मग उतार असा लागला, बर्फ असा उडायला लागला छातीपर्यंत, फटीमागून फट अशी उघडत गेली, की तो हाक द्यायलाच विसरला.

“कारन काईच नाई, माय. मजा येऊन राह्यली होती. मी हसत होतो, एकटाच. पार खाली येऊन थांबलो तवा ध्यानात आलं. ‘हाय का’ म्हन्लं. काईच नाई. पुन्हा म्हन्लं...”

पायातल्या स्की काढून तो मांडीभर बर्फातून वर चढला. खाली यायला दोन मिनिटं लागली होती, वर जायला बारा. एका मोठ्या फरच्या बुंध्याजवळ मंजूरच्या स्कीचं एक टोक दिसलं. पाठीवरच्या फावड्यानं बाजूचं काढलं, तोंडाजवळ आल्यावर हातानं. मंजूर निळा पडला होता. छाती दाबून दाबून श्वास आणला. श्रीनगरच्या दवाखान्यात नऊ दिवस तो होता, वाचला. प्रसेनजित एकदाच जाऊन, तो झोपलेला असताना लांबून पाहून आला. त्यानंतर त्याचा एकही फोन घेतला नव्हता.

“काय म्हनू त्याले? त्यानं ‘हाय का’ म्हन्लं तं काय म्हनू? माह्यासारख्यानं ते म्हनाचं का?” तो पंजांच्या फाटलेल्या बोटांकडं बघत म्हणाला. “तू असती ना माय, तं असं झालंच नसतं. तू कधी हाक चुकली नाई.”

बेबीताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गंजीएवढ्या मोठ्या आवाजाची ही बाई त्या दुपारी अशी गप्प झाली की प्रसेनजितला वाटलं, आई रागावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या जिनिंगात चांगुणाकडं गेल्या. चांगुणा अजून जिनिंगात जाते, आता झाडलोट करते. एका कानानं तिला ऐकू येत नाही.

“सांगून टाकू का वं पोराले?” बेबीताईंनी तिच्या चांगल्या कानात विचारलं.

“काय?”

“खांबाचं.”

चांगुणानं झाडू भिंतीला लावला. “सत्तावीस वर्सं झाले, बेबे. मले वाटलं आता चितेवरच सांगशीन. आन त्याले इथी.”

मग बेबीताईंनी मुलाला जिनिंगात आणलं. हंगाम सरत आला होता, मशीन बंद होती, शेडमध्ये शेवटची एक गंजी उरली होती, त्याच खांबाभोवती. चांगुणा पलीकडच्या अंगाला केर काढत होती. बेबीताईंनी पदर खोचला, खांबाजवळ जाऊन वरचा कापूस हलकेच बाजूला केला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हात पोकळीत गेला.

“इथीच पडला होता तू.”

“ठाव हाय माय. तूच तं काढलं.”

“मी नाई काढलं.”

प्रसेनजितनं वळून पाहिलं.

“मी हाक देल्लीच नव्हती त्या दिवशी,” बेबीताई म्हणाल्या. हात अजून कापसातच होता. “चांगुणेनं एका सोयऱ्याच्या लग्नातली गंमत सांगतली होती. मशीन थांबली होती जराशीक. मी इतकी हसली, इतकी हसली, का खालीच बसली. तुह्या बापाच्या मागं चार वर्सांत पयल्यांदा हसली असन. तू कुठी हायेस, ध्यानातच नाई. चांगुणेले तुहा पाय दिसला. तिनं उकरलं तुले. तिचे नखं पार उलटून गेल्ते. मी तं नुसती उभी होती. हातपायच हालले नाई माह्ये.”

“पन तू तं रोज सांगे...”

“रोज सांगे. सगळ्याईले सांगे का मी काढलं. चांगुणेनं एक दिवस खोटं पाडलं नाई मले.” आता त्यांना रडू आवरलं नाही. “तुले रोज ‘हाय का’ म्हन्तो ना मी, ते तुह्यासाठी नाई रे राजा. ते त्या दिवसाचं हाय. चुकली होती म्हनून रोज म्हन्तो. चुकली तं म्हननं सोडून नाई देल्लं.”

प्रसेनजित खांबाला टेकून खाली बसला. बेबीताईंनी हात बाहेर काढला, डोळे पुसले आणि कमरेच्या पिशवीतून आपला बटनांचा फोन काढला.

“माय, नको.”

“गप बस.” त्यांनी नंबर लावला, आवाज मोठा केला. तिकडं दोनदा वाजलं, तिसऱ्यांदा कुणीतरी उचललं, पण बोललं नाही. बेबीताई जिनिंगातल्या चोवीस वर्षांच्या आवाजात ओरडल्या,

“हाय का?”

“हाव वं!” गंजीच्या पलीकडून चांगुणा ओरडली.

बेबीताईंना रडता रडता हसू फुटलं. “तू नाई वं! तू झाड!”

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. बसलेला, घोगरा, पण आवाज तोच. “हाव, अम्मी.” मग थोडं थांबून, “वो है वहाँ? दस दिन से फोन काट रहा है मेरा.”

बेबीताईंनी फोन मुलापुढं धरला. त्यानं तो हातात घेतला नाही.

“सुन,” मंजूर म्हणाला, “मैंने मुँह के आगे हाथ रखा था. जैसा तूने सिखाया था. पेड़ भी नहीं छोड़ा. डॉक्टर बोला, उतनी हवा से ही बचा मैं. सुन रहा है?”

प्रसेनजित ऐकत होता.

“हाय का?” फोन म्हणाला.

शेडमध्ये कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते. बेबीताईंना सांगावंसं वाटलं, बोल रे. पण हाक ज्याला दिली त्यानंच उत्तर द्यायचं असतं.

“हाय का बे?” या वेळी जरा दमात.

प्रसेनजितनं एका हातानं खांब धरला.

“हाव,” तो म्हणाला. पहिल्यांदा ते नीट निघालं नाही, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, जिनिंगातल्या बाया म्हणतात तसं. पलीकडं चांगुणाचा झाडू थांबला होता तो पुन्हा सुरू झाला.

डिसेंबरात प्रसेनजित गेला. बुलढाण्याचं दुकान आणि हिंमतरावांनी आणलेलं स्थळ, दोन्ही राहिलं. जाताना पिशवीत पंजांच्या दोन जोड्या होत्या, एक त्याची, एक मंजूरसाठी. दोन्हींच्या बोटांना बेबीताईंनी दुहेरी चामडं शिवलं होतं. त्यासाठी त्यांची शेवटची पर्स कामी आली. मंजूर यंदा अवघड उतारावर जाणार नाही, खाली नवशिक्यांना शिकवेल, असं ठरलंय. जंगलात प्रसेनजितबरोबर दुसरा जोडीदार असतो, आणि हा पोरगा दर दोन वळणांना इतका ओरडतो की पाखरं उडतात, अशी त्या जोडीदाराची तक्रार आहे.

इकडं सहा वाजले की बेबीताई फोन लावतात.

“हाय का?”

“हाव.”

“अन् तो?”

तिकडं जरा खुडबूड होते, फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

“हाव, अम्मी.”

मग त्या फोन ठेवतात, पायात चपला सरकवतात आणि गल्लीच्या टोकाला चांगुणाच्या दाराशी जाऊन, तिच्या चांगल्या कानाच्या बाजूनं, तिलाही विचारून येतात.